खोडलेल्या नावांचा ग्रंथ

मी एक जुना ग्रंथ आहे. माझ्या एका पानावर काळ्या रेघा ओढून नावे खोडली आहेत आणि मित्रांनो, मला त्याची मुळीच लाज वाटत नाही! लाज खोडणाऱ्यांनी बाळगावी.

माझा जन्म सतराव्या शतकातल्या स्पेनचा. कागद चिंध्यांचा, बांधणी वासराच्या कातड्याची. मला लिहिले बिशप एस्तेबान यांनी. बिशप म्हणजे त्या मुलखातले मोठे धर्मगुरू. राजाने त्यांना आपल्या घराण्याचा इतिहास लिहायला सांगितले. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हा दरबाराचा रिवाज. बिशपनी राजाचे विजय लिहिले. पण राजाच्या सैनिकांनी आपल्याच मुलखातले एक गाव जाळले, तेही लिहिले! त्यासाठी ते खेचरावर बसून त्या गावी गेले आणि वाचलेल्या बायकांकडून मेलेल्यांची नावे विचारून घेतली. धोबिणी, चांभार, मेंढपाळ. राजांच्या इतिहासात अशी माणसे कधी नावानिशी येतात का? माझ्यात आली.

मी छापून बाहेर पडलो आणि दरबार खवळला. "माफी मागा," असा हुकूम सुटला. बिशपनी मागितली नाही. त्यांना दूर डोंगरात धाडले, तिथेच ते वारले. मग एका कारकुनाने त्या नावांवर शाईच्या रेघा ओढल्या. मला फार दुखले, फार राग आला.

पण कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही. कारकुनाची शाई हळूहळू विटली आणि खालची छापील नावे पुन्हा दिसू लागली.

हात बदलत मी शिकागोच्या एका ग्रंथालयात आलो. तिथे वर्षानुवर्षे मला कोणी उघडले नाही. २००५ साली नागपूरची हर्षिता पीएच.डी.साठी मला वाचू लागली. ती प्रत्येक नाव हलक्या आवाजात उच्चारायची. तेव्हा मला बिशपांची फार आठवण यायची.

त्याच हिवाळ्यात ग्रंथालयाने जादा प्रती विकायला काढल्या. माझी नंतर छापलेली एक स्वच्छ प्रत तिथे होती. ती राहणार आणि मी जाणार! तिथे काम करणाऱ्या पद्मिनीकाकू मला खोक्यात भरत होत्या, तोच हर्षिता धावत आली.

"काकू, प्लीज, हे सेल करू नका!"

"अगं, डॅमेज्ड आहे ते. क्लीन कॉपी आहे ना आपल्याकडे."

"ती क्लीन आहे, कारण तिच्यात ती नावं छापलीच नाहीत. तुम्हीच चेक करा."

काकूंनी दोन्ही प्रती शेजारी उघडल्या. स्वच्छ प्रतीत जळलेले गावच नव्हते. सैन्य नदी ओलांडून खुशाल पुढे गेले होते.

"बाई गं! आणि आपण हिला चांगली म्हणतोय?"

"आमच्याकडच्या गोरगरीब माणसांची नावंही इतिहासातून अशीच गाळलीत, काकू. मी गप्प बसणार नाही."

"मग मी तरी का बसू? सेल कॅन्सल. बॉसशी मी बोलते."

साहेब आधी कुरकुरले. दोन्ही पाने पाहिल्यावर मानले. म्हणाले, निदान रेघा तरी पुसून घेऊ.

"नो!" हर्षिता म्हणाली. "खोडलं होतं, हेही लोकांना दिसू दे."

मित्रांनो, जुनी पुस्तके जपा, पण नुसती देखणी निवडू नका. डागाळलेली, फाटकी, खोडलेलीही उघडून वाचा. आणि तुमच्यादेखत कोणी एखाद्याचे नाव खोडू लागला, तर त्याचा हात धरा!