आधी मला पुसा

मित्रांनो, मी एक जुनी, एकेकाळची ऐटदार मोटार आहे आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. माझ्याखालच्या फरशीवर तेलाचा काळा डाग आहे. घरातली माणसं तो रोज घासतात. मला मात्र एकदाच पुसलं, तेही निरोप द्यायला.

माझाही काळ होता. चामड्याच्या सीटा, लाकडी डॅशबोर्ड, आणि इंजिन इतकं शांत की अप्पा, म्हणजे माझे मालक, चालू गाडीची चावी पुन्हा फिरवायचे. पुढे वय झालं आणि तेल गळू लागलं.

मिस्त्री आला, खाली वाकला. तेल खाली पडतंय म्हणजे खालूनच गळतंय, असं त्याने ठरवून टाकलं. इंजिनाच्या तळाच्या भांड्याला तो चेंबर म्हणतो. त्याचं पॅकिंग बदललं, तरी तेल गळतच राहिलं. मग गिअरबॉक्स उतरवून मागचं ऑइल सील बदललं. तेच रडगाणं. अरे बाबा, जरा वर बघ, असं मी मनात शंभरदा म्हटलं. पण मला आवाज म्हणाल तर एक हॉर्न, आणि तोही दुसऱ्याच्या हातात.

सुगावा लागला होता तो काकूंना, अप्पांच्या बायकोला. "अहो, सिग्नलला थांबलो की जळका वास येतो," असं त्या कितीदा म्हणाल्या. वरून ओघळणारं तेल तापलेल्या सायलेन्सरवर पडायचं, त्याचाच तो वास. अप्पा म्हणायचे, "तुला सगळीकडेच वास येतात." असा संताप व्हायचा माझा.

मग एक दिवस शेजारचे मास्तर त्या तेलावरून घसरले आणि त्यांचा हात मोडला. काकू म्हणाल्या, "आता बास. रविवारी भंगारवाल्याला बोलावते." माझे तुकडे होणार, या विचाराने मी पार गळून गेले.

रविवारी सकाळी काकू रॉकेल आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन आल्या. "जायचंच आहे तर तोंड धुऊन जाऊ दे बिचारीला," म्हणत त्यांनी बॉनेट उघडलं आणि वर्षानुवर्षांचा चिकट मळ काढला. मला रडू येत होतं. मग मला फाटकापाशी न्यायला अप्पांनी इंजिन चालू केलं. काकू अजून आत बघत होत्या. स्वच्छ झालेल्या इंजिनावर, माथ्याच्या झाकणाखालून, मागच्या बाजूला तेलाची एक बारीक रेघ उतरली.

"अहो, बंद करा आणि इकडे या. हे बघा, इथून येतंय."

अप्पांनी लगेच मिस्त्रीला बोलावलं. त्याने झाकण उघडलं. "रबर पार लाकूड झालंय, वहिनी. मळामुळे मला दिसलंच नाही." तो नवं रबर बसवत असतानाच भंगारवाला आला. काकूंनी त्याला दारातूनच परत पाठवलं.

गळती थांबली का ते बघायला रात्री माझ्याखाली पुठ्ठा ठेवला होता, तो दुसऱ्या दिवशी कोरडा होता. अप्पा मास्तरांना सांगत होते, "मला आधीपासून वरचाच संशय होता." हॉर्न माझ्या हातात असता तर मी तेव्हाच वाजवला असता.

त्यानंतर आजतागायत माझ्या इंजिनाला कुणी फडका लावलेला नाही. जुना डाग मात्र रोज घासला जातो. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी म्हातारी गाडी असेल आणि तिच्याखाली तेल दिसलं, तर आधी तिला पुसा. फरशी कुठे पळून जात नाही.