ससा लपवणाऱ्या बाई

मुलगा खोलीच्या मधोमध उभा होता आणि त्याला ससा सापडत नव्हता.

“शोध बरं ससा,” दाराशी उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या. त्यांना तेवढंच म्हणायची परवानगी होती. कापडी ससा पडद्यामागे होता. तो बाईंनीच तिथे ठेवला होता आणि ठेवताना मुलानं शेजारच्या खोलीत बसून टीव्हीवर बघितलं होतं. आता त्यानं पहिला हात कुठे घालायचा, एवढ्यावरच सगळं होतं. उशीखाली घातला तर गेलं, टोपलीत घातला तरी गेलं. मुलगा उशीकडे वळला तसं, तिकडे नको रे, असं बाईंना ओरडावंसं वाटलं. पण चेहऱ्यावर काही दिसेल तर नाव नको. ताकास तूर लागू द्यायची नाही, यासाठीच तर त्यांना पगार मिळत होता.

मुलगा उशीपाशी थबकला. नाकात बोट घालून जरा विचार केला, आणि मग काय झालं कोण जाणे, गर्रकन वळून पडद्याकडे पळाला आणि सशाला कान धरून बाहेर ओढलं.

भिंतीतल्या काचेपलीकडून बघणाऱ्यांचा एकच गलका झाला. प्रयोग चालवणाऱ्या मॅडम धावत आत आल्या, मुलाच्या पाठीवर थाप मारली आणि भल्या मोठ्या प्राध्यापिका असूनही बाईंचे दोन्ही हात धरून चक्क एक गिरकी घेतली. प्रयोगातलं हे शेवटचं मूल होतं. बाईंना आनंद झाला तो मात्र मॅडमच्या अभ्यासाचा नव्हे. त्यांचा स्वतःचा एक हिशेब होता आणि तो आत्ता जुळला होता.

विद्यापीठाच्या या विभागात टीव्हीचा लहान मुलांवर काय परिणाम होतो त्याचा अभ्यास चालायचा. बाई तिथे लागल्या त्या मुलं सांभाळायला. आईबाप मॅडमशी बोलत बसले की धाकट्या भावंडाला खेळवायचं, कुणी शू केली तर पुसायचं. एकदा ससा लपवणारी विद्यार्थिनी आजारी पडली म्हणून मॅडमनी बाईंना उभं केलं, आणि ते काम कायमचं त्यांच्याच गळ्यात पडलं. मूल चुकलं की भल्याभल्यांची नजर नकळत सशाकडे जायची. बाईंची जात नसे. घरी त्यांच्याबरोबर पत्ते खेळायला कुणी बसत नसे तेही याच गुणामुळे.

प्रयोग तसा साधाच. काही मुलांना बाई ससा लपवताना खिडकीतून दिसायच्या. ती मुलं खोलीत येऊन तडक सशाला हात घालायची. काही मुलांना तेच सगळं टीव्हीवर दिसायचं, आणि ती खोलीत येऊन नुसती भिरभिरायची. बाई त्याच, ससा तोच, खोलीही तीच. पण टीव्हीतलं जग वेगळं आणि हे वेगळं, असंच त्या अडीच वर्षांच्या डोक्यांना वाटायचं. एका मुलीनं तर बाईंनाच विचारलं होतं, टीव्हीतल्या बाई कुठे गेल्या म्हणून. बाई तेव्हा पोट धरून हसल्या होत्या.

मग त्यांना नात झाली आणि त्यांचं हसू आटलं. मुलगा आणि सून दूरदेशी. कधी रजा नाही, कधी कागद नाहीत, असं करत करत नात अडीच वर्षांची झाली. लाडाचं नाव ठमी. दर रविवारी मुलगा तिकडचा फोन तिकडच्या टीव्हीला जोडायचा आणि इकडच्या टीव्हीत ठमी यायची, तिकडच्या टीव्हीत आजी जायची. दुधाची तहान ताकावर. बाई दर रविवारी तोच निळा स्वेटर घालून बसायच्या. मुलांना रंग लक्षात राहतो, हे त्या मॅडमकडेच शिकल्या होत्या. पण मनात पाल चुकचुकायची ती चुकचुकायचीच. उद्या ही पोर समोर आली आणि तिनंही विचारलं, टीव्हीतली आजी कुठे गेली, तर?

म्हणूनच मॅडमनी यंदा बोलत्या टीव्हीचा प्रयोग काढला तेव्हा बाईंच्या अंगात वारं शिरलं. यात बाई आधी पडद्यावरून मुलाला नावानं हाक मारायच्या, त्याच्याशी गप्पा मारायच्या, ते हसलं की हसायच्या, आणि मग ससा लपवायच्या. आणि काय आश्चर्य, पोरं ससा शोधून काढायला लागली. सगळी नाही, पण पुष्कळ. जे माणूस आपल्याला उत्तर देतं ते टीव्हीत असलं तरी खरं असतं, असं काहीतरी त्यांना पटत असावं.

“म्हणजे बोलत्या टीव्हीतलं माणूस मुलांना खरं वाटतं,” बाईंनी आज पुन्हा एकदा मॅडमकडून वदवून घेतलं.

“असं दिसतंय खरं.”

“मग आमची ठमी मला ओळखणार.”

ठमी आज दुपारी येणार हे मॅडमना माहीत होतं. सगळ्या विभागाला माहीत होतं. जिन्यावरच्या झाडूवालीलाही. मॅडमनी चष्मा काढून पुसला.

“बाई, हे सगळं सरासरीचं असतं. एका मुलाचं नसतं. आणि हे बघा, घरी प्रयोग करू नका. घरी मुलाला सरळ जवळ घ्यायचं असतं.”

बाईंनी हो हो म्हटलं आणि पर्स उचलली. एका कानानं ऐकलं, दुसऱ्यानं सोडून दिलं.

कारण प्रयोग ठरून गेला होता. बाईंनी मुलाला फोनवर बजावलं होतं, मी कोण ते ठमीला कुणी सांगायचं नाही. खुणेनंसुद्धा नाही. मुलगा म्हणाला, आई, काहीतरीच तुझं. पण सांगून ओळखलं तर ते ओळखणं कसलं? पोपटही म्हणेल आजी. बाईंना ते आपोआपचं हवं होतं. दार उघडावं आणि पोरीनं स्वतःहून झेप घ्यावी. दोन वर्षं दर रविवारी त्या पडद्यापुढे बसल्या होत्या, ते सगळं खरं होतं की नुसतीच करमणूक, ते त्यांना एकदा कळायला हवं होतं.

घरी येऊन त्यांच्या पायाला भिंगरी लागली. चादर बदलली, परत बदलली, खेळणी मांडली, उचलली. नवरा आरामखुर्चीत बसून मजा बघत होता. त्यानं आयुष्यभर एका कचेरीची लिफ्ट चालवली होती, आणि आपण जन्मभर वर-खाली केलं, पुढे काही गेलो नाही, हा विनोद तो भेटेल त्याला ऐकवायचा. रविवारी तो कधी पडद्यासमोर यायचा नाही. मला नाही त्या डब्यात बसायचं, म्हणायचा. ठमीला त्याचा फार तर एक गुडघा दिसला असेल.

“अगं, स्वेटर काढ तो. उकडून मरशील.”

“मरू दे.”

“नात बघायच्या आधीच?”

बाईंनी स्वेटरची वरची गुंडीसुद्धा लावून टाकली. घोडामैदान जवळच होतं.

गाडी दारात थांबली. मुलगा उतरला, सून उतरली, आणि सुनेच्या खांद्यावर झोपलेली ठमी. बाई पुढे झाल्या आणि जागीच थांबल्या. टीव्हीवर ठमीचं तोंड परातीएवढं दिसायचं. ही तर एवढीशी होती. केस पडद्यावर काळे वाटायचे ते तपकिरी निघाले. मानेवर, कानाच्या खाली, एक तीळ होता. क्षणभर बाईंना वाटलं, ही मंडळी भलतंच मूल घेऊन आली की काय. मग स्वतःचीच लाज वाटली. पण तो तीळ त्यांना माहीत नव्हता, तो नव्हताच.

घरात आल्यावर ठमीनं डोळे उघडले. बाई समोर उभ्या होत्या. स्वेटर, चष्मा, अंबाडा, सगळं रविवारचंच. ठमीनं त्यांच्याकडे नीट, सावकाश बघितलं. मग ठमीनं तोंड फिरवलं आणि आईच्या मानेत लपवलं.

“झोपेत आहे,” मुलगा घाईघाईनं म्हणाला.

“असू दे की,” बाई म्हणाल्या. “मला कुठे घाई आहे?”

घाई नव्हती तर काय. चहा होईपर्यंत त्यांनी चारदा बाहेर येऊन बघितलं. ठमी खाली उतरली होती आणि खोलीभर फिरून प्रत्येक वस्तूला हात लावत होती. फिरत फिरत ती आरामखुर्चीपाशी गेली आणि काहीएक ओळख नसताना तिनं आपला बुटातला पाय आजोबांपुढे धरला. आजोबांनी बूट काढला. तिनं दुसरा पाय धरला. तोही काढला. मग ती खुशाल त्यांच्या गुडघ्यावर चढून बसली. बाई हातात ट्रे घेऊन बघत राहिल्या. दोन वर्षं नुसता गुडघा दाखवून माणसानं बाजी मारली, आणि आपण इकडे स्वेटरमध्ये शिजतोय. त्यांना नवऱ्याचा असा राग आला की त्याच्या चहात त्यांनी साखरच घातली नाही. त्यानं तो निमूट प्यायला.

“आई, पुरे झालं ना आता,” मुलगा स्वयंपाकघराच्या दारात येऊन हळूच म्हणाला. “सांगतो मी तिला.”

“नाही. तिनं अजून नीट बघितलं नाहीये.”

“बघितलं गं.”

“नाही म्हटलं ना.”

संध्याकाळ होत आली. ठमी आता टीव्हीपाशी पोचली होती. टीव्ही बंद होता. तिनं त्याच्या काळ्या काचेवर हात फिरवला, वाकून खालून बघितलं, मग भिंत आणि टीव्ही यांच्यामधल्या फटीत डोकं घातलं. वायरींच्या जंजाळात ती बराच वेळ काहीतरी शोधत होती. आत वाकूनच तिनं हाक मारली. “आजी?”

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं.

“आई, अहो, सांगा ना तिला,” ती म्हणाली.

सांगायचं तर होतं. मी इथे आहे गं, तुझ्या पाठीमागेच, एवढंच. बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण इतकी वर्षं हेच आवरायची सवय लागलेली, आणि आता ते बोलायचं म्हणजे त्या फटीतल्या आजीच्या जागेवर हक्क सांगायला जाण्यासारखं वाटत होतं. पोर जिला इतक्या जिवाच्या आकांतानं शोधत होती, ती त्या नव्हत्या. फार वाईट वाटलं बाईंना. मॅडमचा राग आला, त्या सरासरीचा राग आला. सगळ्यात जास्त स्वतःचा आला, आल्या आल्या पोरीला छातीशी धरायचं सोडून परीक्षा घेत बसलो म्हणून.

ठमी धूळ माखून बाहेर आली. कुणाला तरी विचारायला हवं, असा विचार करून तिनं खोलीतली सगळी माणसं बघितली आणि सरळ बाईंकडे आली. त्या कोण हे तिला माहीत नव्हतं, पण बाई इतका वेळ तिच्याचकडे बघत होत्या, म्हणून असेल. तिनं बाईंचं बोट धरलं. हात गरम होता आणि जरा चिकट. हे काही रविवारी कळत नव्हतं. बाई तिच्यामागून निघाल्या, तिनं नेलं तिकडे गेल्या, टीव्हीसमोर जमिनीवर बसल्या. गुडघे कुरकुरले, पण त्यांच्याकडे कोण लक्ष देतो.

“आजी झोपली,” ठमी कुजबुजली. “आवाज नाही करायचा.”

“बरं,” बाईही कुजबुजल्या.

दोघी शेजारी शेजारी चूप बसल्या. अंधारून आलं होतं. सुनेनं उठून मागचा दिवा लावला.

आणि टीव्हीच्या काळ्या काचेत निळा स्वेटर उमटला. त्याच्यावर चष्मा, चष्म्यावर अंबाडा. ठमी ताडकन उभी राहिली.

“आजी उठली! आजी उठली!”

तिनं टाळ्या पिटल्या, काचेवर दोन्ही हात आपटले, जागच्या जागी उड्या मारल्या, आणि ती हसली. ते हसू बाईंना पाठ होतं. पण ते इतकं मोठं असतं, सगळं अंग हलवून येतं, आणि हसताना पोरीच्या तोंडाला दुधाचा वास येतो, हे त्यांना आजच समजत होतं. ज्या आजीला बघून हे पोर एवढं वेडं होतं, ती आजी खोटी कशी असेल? बाईंचा ऊर भरून आला. आनंदानं आला की दुःखानं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मुलगा काहीतरी बोलायला पुढे झाला. आजोबांनी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

ठमी आता टाटा करत होती. मध्येच तिला शेजारच्या पाहुणीची आठवण झाली. “तू पण कर,” ती काचेकडे बोट दाखवून म्हणाली. “माझी आजी आहे.”

बाईंनी हात वर केला आणि हलवला. काचेतल्या आजीनंही हलवला.

“बघ,” ठमी खूश होऊन म्हणाली, “तुला पण केला.”

“हो गं,” बाई म्हणाल्या. “चांगली आहे तुझी आजी.”