मी उलटखोपडी

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. इतर वस्तू वापरून वापरून जुन्या होतात. मी मात्र जन्मले तीच जुनी. माझ्या अंगात नवं असं काहीच नव्हतं, आणि त्याचा मला भारी तोरा आहे.

मला बनवलं बारा वर्षांच्या एका मुलीने. तिची आई वायरमन. सगळी आळी तिला वायरमनताई म्हणते. मुलगी जिथेतिथे नाक खुपसायची, म्हणून आईने तिचं नाव ठेवलं टेस्टर. या टेस्टरला रिमोटवर चालणारी गाडी हवी होती. आईने भंगाराचा डबा तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "नवं काही आणायचं नाही. यातून निघेल ते तुझं."

निघालं पुष्कळ. फुटक्या स्विचबोर्डचं झाकण हे माझं अंग झालं. दोन मोडक्या टेपरेकॉर्डरच्या मोटारी डाव्या-उजव्या चाकांना लागल्या. चाकं म्हणजे बरण्यांची झाकणं, त्यांवर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या. चेंगरलेल्या खेळण्यातलं सर्किट आणि त्याचा रिमोट मिळाला, टॉर्चमधून बॅटरी आणि दिवा. पुढचा तोल सांभाळायला सेंटच्या बाटलीच्या तोंडातली गोळी बसवली, त्यामुळे पहिले काही दिवस मी जाईन तिथे दरवळत असे.

घोळ एकच झाला. डब्यात निघालेली वायर सगळी काळीच. कुठली डाव्या मोटारीची आणि कुठली उजवीची, यात टेस्टरचा गोंधळ उडाला. तिने वायरी जोडल्या, वर सढळ हाताने गोंद ओतला आणि मला जिन्याच्या तोंडाशी ठेवून सगळ्यांना बोलावलं. तिने डावं बटण दाबलं. मी उजवीकडे वळले आणि पायऱ्यांवरून गडगडत खाली गेले. लोक पोट धरून हसले. "उलटखोपडी आहे ही!" कोणीतरी म्हणालं, आणि तेच माझं नाव पडलं. टेस्टरचा चेहरा एवढासा झाला. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आईने मला उलटंपालटं करून पाहिलं. "जोडणी उलटी झालीये. गोंद खरवडावा लागेल. हातातलं काम संपू दे, मग बसू."

हातातलं काम साधं नव्हतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली राबल्यावर आईने पहिल्यांदाच एक काम स्वतःच्या नावावर घेतलं होतं, वाचनालयाच्या सभागृहाच्या वायरिंगचं. शेवटची वायर व्यासपीठाच्या फळ्यांखालून पलीकडे न्यायची होती. खाली वीतभर पोकळी आणि तिच्यात जागोजागी लाकडी ठोकळे. वायर ओढायची स्प्रिंग दर वेळी तिथेच अडकत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी ग्रंथपाल म्हणाले, "ताई, फळ्या मी उखडू देणार नाही. संध्याकाळपर्यंत जमलं नाही, तर दुसरा माणूस बघतो." आई नुसती पक्कड उघडझाप करत बसली.

आईचा जेवणाचा डबा घेऊन आलेल्या टेस्टरने ते ऐकलं. मी तिच्या दप्तरात होतेच.

"आई, उलटखोपडीच्या मागे दोरी बांधूया?"

"अगं, ती धड वळत तरी नाही," आई म्हणाली. पण दोरी काढलीच.

अलीकडचं भोक कपाटामागे होतं. तिथून हात जेमतेम जाई, डोकं नाही. म्हणून आईने मला तिथून आत सोडलं आणि टेस्टर पलीकडच्या मोठ्या भोकाशी पालथी पडून पाहू लागली. माझा दिवा तिच्या दिशेने सरकू लागला. पहिला ठोकळा आला आणि तिचं बोट थबकलं.

"आई, ही उलटी वळते गं! कुठलं दाबू?"

"तुला ती कुठे जायला हवी?"

"माझ्या डावीकडे."

"मग डावंच दाब! ती तुझ्याकडे तोंड करून येतेय ना? तिचं उजवं ते तुझं डावं. उलट्याचं उलटं म्हणजे सुलटच की!"

टेस्टरने डावं दाबलं. मी माझ्या सवयीने माझ्या उजवीकडे वळले आणि ठोकळ्याला वळसा घालून पुढे निघाले! मग काय विचारता. धुळीने माखत, कोळिष्टकं ओढत, मागची दोरी सांभाळत मी एकेक ठोकळा चुकवला आणि थेट टेस्टरच्या नाकावर जाऊन आदळले.

"आली! आई, दोरी आली!"

दोरीला वायर बांधून ओढायला कितीसा वेळ! थोड्याच वेळात व्यासपीठाच्या पलीकडचा दिवा लागला. ग्रंथपाल बघतच राहिले. "हे यंत्र आणलंत कुठून?"

"माझ्या मुलीने बनवलंय," आई ताठ मानेने म्हणाली. तो क्षण आठवला की अजून माझी चाकं जागच्या जागी फिरतात.

तेव्हापासून माझी जागा आईच्या हत्यारांच्या पिशवीत आहे, पक्कड आणि खराखुरा टेस्टर यांच्या मध्ये. किती फळ्यांखालून आणि किती छतांवरून मी दोऱ्या नेल्या, आता मोजत नाही. तेलाचा एखादा थेंब आणि चाकांत अडकलेले केस काढणारा हात, एवढंच मी मागते. तुमच्या घरातल्या मोडक्या वस्तूही याहून जास्त मागत नसतील, मित्रांनो. त्यांना फेकण्याआधी एकदा त्यांचे स्क्रू उघडून बघा.

माझा गोंद मात्र कोणी खरवडला नाही. त्या संध्याकाळी टेस्टरने मला दुरुस्तीसाठी आईपुढे ठेवलं. चुकीचा एकही जोड आईने आयुष्यात तसाच ठेवलेला नाही. तिने मला फडक्याने पुसलं, मीटरच्या पेटीवर लावतात तशी एक चिठ्ठी लिहिली आणि माझ्या पाठीवर चिकटवली. ती अजून तिथेच आहे: 'जोडणी बदलू नये.'