साखर खाणारं तीर्थ

ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या राजीवच्या दाराशी त्या शनिवारी चपलांचा ढीग पडला होता. आत फॅमिली रूममध्ये साठ माणसं गालिच्यावर दाटीवाटीने बसलेली. १९८६ सालचा ऑगस्ट. एसीनेही हात टेकले होते. समोर चौरंगावर काचेची बरणी, बरणीत चुरडलेली काळी द्राक्षं घातलेलं ग्लुकोजचं पाणी, आणि शेजारी भस्माची डबी घेऊन मधुरनाथ महाराज.

"मागच्या शनिवारी यात काय होतं?"

"साखर!" इंजिनिअर, डॉक्टर, सगळे एका सुरात.

राजीव केमिकल इंजिनिअर. त्याने डायबेटिसवाल्यांची लघवी तपासायची पट्टी पाण्यात बुडवली. मागच्या खेपेला ती गडद झाली होती. आज तिचा रंग बदललाही नाही.

"सात दिवस महामंत्र ऐकला आणि तीर्थाने साखर खाल्ली!" महाराज गरजले. "हे बुडबुडे बघा, श्वास घेतंय ते! बरणीतली खाल्ली, तशी तुमच्या रक्तातली खाईल. फक्त सुई बंद, पट्टी बंद. एकवीस दिवस तपासणी नाही. परीक्षा पाहिलीत की तीर्थ रुसतं!"

मानपानाला चिकटलेल्या व्याह्यासारखं हे तीर्थही रुसत होतं. पण हसलं कुणीच नाही. सरलाकाकूंनी पहिला हात वर केला. "मी आजपासून इन्शुलिन बंद करते."

मागे मृणालिनी बसली होती. ती नवी नवरी म्हणून ह्यूस्टनला उतरली, तेव्हा घर मिळेपर्यंत दोन महिने याच काकूंनी तिला पोटच्या पोरीसारखं सांभाळलं होतं. आणि बरणीचा तो आंबूस वास तिच्या नित्याच्या ओळखीचा होता. तिच्या गराजमध्ये अशाच तीन बरण्या होत्या. ती काम करायची त्या लॅबमधल्या एका अमेरिकन मैत्रिणीने तिला आंबट बिअर करायला शिकवलं होतं. मोड आणलेल्या बार्लीच्या गोड पाण्यात न धुतलेली द्राक्षं टाकायची, सालीवरचं रानटी यीस्ट आणि बॅक्टेरिया साखर खाऊन वाढतात, आणि ते विरजण पुढे बिअरला लावायचं. हे गिरीशशिवाय, म्हणजे तिच्या नवऱ्याशिवाय, कुणाला ठाऊक नव्हतं. यंदा मंडळाच्या गणपतीच्या नैवेद्याचा मान तिच्याकडे होता. ती गप्प बसली.

"बोलली का नाहीस?" गाडीत गिरीशने विचारलं.

"काय बोलू? मी घरी बिअर करते, म्हणून मला कळतं?"

"अनाउन्समेंट नको करूस यार. काकूंना तरी सांग."

"आधी प्रूफ हवं. एक आठवडा दे."

पुरावा हवा होता हे खरं. धीर नव्हता, हे जास्त खरं.

तिने महाराजांसारख्याच दोन बरण्या भरल्या. एक उकळून झाकून ठेवली आणि तिला रोज राजीवने वाटलेली महामंत्राची कॅसेट ऐकवली. दुसरी न उकळता ठेवली आणि तिला टेलिफोन डिरेक्टरीतली नावं वाचून दाखवली.

बुधवारी सकाळी काकूंचा फोनवरचा आवाज धाप लागल्यासारखा वाटला, तशी ती धावत गेली. काकू सोफ्यावर कलंडलेल्या, ओठ कोरडे, उलट्यांनी बेजार, श्वास खोल आणि भराभर. तरी चेहरा हसरा.

"बघ गं," त्या पुटपुटल्या, "माझ्या श्वासालासुद्धा तीर्थाचा वास यायला लागलाय."

वास होता. पिकलेल्या फळांचा गोड वास. मृणालिनीने तो लगेच ओळखला. इन्शुलिन नसलं की शरीराला साखर वापरता येत नाही. ते चरबी जाळत सुटतं, रक्त आम्लाने भरतं, आणि श्वासाला हा असा वास येतो. तिने काकूंना जवळपास उचलूनच गाडीत घातलं. संध्याकाळपर्यंत उशीर झाला असता, असं हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी सांगितलं.

शनिवारी राजीवकडे पुन्हा तीच गर्दी. मृणालिनीने चौरंगावर तिच्या दोन बरण्या ठेवल्या आणि शेजारी बिअरची एक बाटली.

"राजीव, पट्टी बुडव."

पहिल्या बरणीत पट्टी गडद झाली. दुसरीत रंग बदललाच नाही.

"हिने महामंत्र ऐकला, हिच्यात साखर जशीच्या तशी. आणि हिने टेलिफोन डिरेक्टरी ऐकली, हिने साखर फस्त केली." मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. "पहिली मी उकळली होती. उकळलं की यीस्ट मरतं, मग खाणार कोण? बरणीत ते साखर खातं, तिची दारू करतं आणि बुडबुडे सोडतं. प्यायलं की पोटात जातं, रक्तात नाही. महाराज, तुम्ही भस्म म्हणून चिमूट टाकता, तो मागच्या बरणीचा वाळलेला गाळ आहे."

राजीवने भस्माची डबी उघडून नाकाशी धरली. तोच आंबूस वास. त्याने मान खाली घातली.

"ही बाई दारू करते!" महाराज ओरडले.

"करते. तुम्हीही करता. तुमच्या तीर्थात दारूच आहे. मी निदान बाटलीवर लेबल लावते."

पळी पळी तीर्थ घेतलेल्या सोवळ्या मंडळींना कुठे बघावं कळेना. महाराजांनी मात्र दाराशी चपला शोधायला सुरुवात केली होती.

तिथून ती हॉस्पिटलमध्ये गेली आणि काकूंना सगळं सांगितलं.

"तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं?" काकूंनी विचारलं.

"हो."

"मग गं?"

"लोक काय म्हणतील, म्हणून..." ती रडू लागली. काकूंनी तिचा हात धरला, पण 'असू दे' म्हणाल्या नाहीत. नर्स इन्शुलिन घेऊन आली, तेव्हा त्यांनी मुकाट्याने दंड पुढे केला.

चमत्काराशिवाय नमस्कार नाही, असं आपण म्हणतो. नमस्काराआधी शेजारी दुसरी बरणी मांडून बघा, एवढंच सांगणं. पण तुमच्यासमोर कुणी औषध सोडत असेल आणि तुम्हाला खरं ठाऊक असेल, तर बरणीचीही वाट पाहू नका. तिथल्या तिथे बोला.