कुंपणाच्या दाराशी नाव

आमच्या गावाला जमीन नाही. घरं तळ्यावर तरंगतात. पाणी चढलं की घरं चढतात, उतरलं की उतरतात. भर पाण्यात रानातल्या झाडांचे शेंडे तेवढे वर दिसतात आणि त्या बुडालेल्या रानात मासे वाढतात. आमच्या चुली त्याच रानावर पेटायच्या.

एका वर्षी कुणा ठेकेदारानं प्रांताकडून मासेमारीचा ठेका घेऊन त्या रानाभोवती बांबूचं कुंपण घातलं. माझे वडील सवयीनं आत गेले, तर राखणदारांनी त्यांची नाव कुऱ्हाडीनं फोडली. वडील पोहत घरी आले. त्या रात्री गावानं आपापल्या नावा घरांना घट्ट बांधून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे शेजारची फाली मावशी धुक्यातून वल्हवत निघाली. एकटी बाई, जाळी विणून पोट भरणारी. कुंपणाच्या दाराला नाव बांधून ती जाळं विणत बसली.

"मावशी, वाट चुकलात का?" राखणदार सारुननं हसत विचारलं.

"नाही रे. दार उघडायची वाट बघतेय."

"पाणी आता मालकांचं आहे."

"असेल. पाऊस सरला की ते नदीत उतरेल. तेव्हा मालक त्याला धरून ठेवणार का?"

सारुननं तिचा दोर कापला. नाव लांब वाहत गेली. मावशी वल्हवत परत आली आणि तुटक्या दोराला गाठ मारून पुन्हा बसली. असं रोज, दिवसातून चारदा.

"वेड लागलंय तिला," वडील म्हणाले.

"मग थोडं आपल्यालाही लागू दे," आई म्हणाली. आठव्या दिवशी तिनं भाताचं भांडं आणि मला आमच्या दुसऱ्या, छोट्या नावेत घातलं, आणि ती नाव मावशीच्या नावेला बांधली.

महिन्याभरात तिथं साठ नावा झाल्या. धुक्यात लांबून वाटायचं, एक नवंच गाव पाण्यातून उगवलंय. कुणी भात शिजवायचं, कुणी बाळाला जोजवायचं. लाटांवर सगळ्या नावा एकदमच श्वास घ्यायच्या.

एक दिवस ठेकेदाराचा मुकादम आला. "काप सगळे दोर," तो सारुनला म्हणाला.

सारुननं सुरी काढली, नावांकडे बराच वेळ पाहिलं आणि सुरी मुकादमाच्या हातात दिली. "साठ आहेत, साहेब. तुम्हीच सुरुवात करा."

मुकादम तसाच परत गेला. तोवर तळ्याकाठच्या इतर गावांनीही आपापल्या रानाभोवतीच्या कुंपणांना नावा बांधल्या होत्या. दोन महिन्यांनी प्रांताचा हुकूम आला: तळ्यातली सगळी कुंपणं काढा.

बांबू उपटले गेले त्या सकाळी मावशीला सगळ्यांनी पुढं जाऊ दिलं. मी तिच्या नावेत होते. तिनं जाळं टाकलंच नाही. झाडांच्या सावलीत नाव सोडून दिली आणि आडवी झाली.

"मावशी, झोपलीस?"

"नाही गं. मासे नावेच्या तळाला घासून जातात, ते ऐकतेय."

मी वल्हं आत घेतलं आणि नावेच्या फळीला कान लावला.