बदललेली गोळी

नागसेनच्या हृदयात स्टेंट बसवल्यापासून आम्रपालीचा जीव टांगणीला लागला होता. नवऱ्याला रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून डॉक्टरांनी क्लोपिडोग्रेल दिलं होतं आणि पोटासाठी पॅन्टोप्राझोल. पण चाकणच्या कंपनीत ओव्हरटाइम सुरू झाला, तशी त्याची जळजळ वाढली. सोबत काम करणारा ज्ञानेश म्हणाला, "आमचे अण्णा ओमेप्राझोल घेतात, भावा. घेऊन बघ, लगेच थंड वाटतं." खरंच थंड वाटलं. नागसेनने कुणाला न विचारता पोटाची गोळी बदलून टाकली.

मग आकुर्डीच्या घराचा जिना चढताना तो मध्येच थांबू लागला. "गॅस आहे गं," म्हणायचा. एका दुपारी छाती धरून खालीच बसला. शर्ट घामाने भिजला, तरी हात त्या गोळीकडेच गेला. आम्रपालीने ती हिसकावली आणि रिक्षा बोलावली.

स्टेंटमध्ये गुठळी झाली होती. नागसेन वाचला, पण हृदय कायमचं अधू झालं.

"याच गोळीमुळे झालं, असं छातीठोक सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण ओमेप्राझोलमुळे क्लोपिडोग्रेलचा जोर कमी होतो. म्हणून तर पोटासाठी पॅन्टोप्राझोल दिलं होतं."

ज्ञानेश भेटायला आला, तेव्हा आम्रपालीने त्याला हे सांगितलं. तो पांढराफटक पडला.

"वहिनी, अण्णांनाही स्टेंट आहे. क्लोपिडोग्रेलही चालू आहे."

"मग आत्ताच त्यांच्या डॉक्टरांना विचारा. मनाने काही बंद करू नका."

त्याने आधी घरी फोन लावला. बराच वेळ रिंग वाजत राहिली. कुणीच उचलला नाही.