एक पुंगळी जळाली

खिडकीवर घोंगडी टांगून बोर्गहिल्डनं तापकामाची गॅसची बत्ती पेटवली, तोवर तिचा नवरा आयविंद पुंगळ्यांचा डबा ठेवून सटकलाही होता.

एल्कच्या शिकारीचा मोसम तोंडावर आला होता. गोळी झाडली की काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीचा गळा कडक होतो. ती पुन्हा भरायची तर गळा तापवून मऊ करावा लागतो. काळोखात तो जेमतेम लालसर दिसला की पुंगळी लगेच पाण्यात. शिकारी टोळीतल्या सगळ्यांचं हे काम बोर्गहिल्डच करी. ज्यानं त्यानं आपला डबा स्वतः आणायचा आणि कॉफी पिऊन जायचं, असा रिवाज होता.

तिनं डब्यातून एक पुंगळी उचलली आणि ती थबकली. बुडावर बंदुकीची खीळ आपटून पडलेला खड्डा काठाकडे सरकलेला होता. असा खड्डा पाडणारी बंदूक टोळीत एकच, नदीपलीकडच्या सुनिवाची. अशा मूठभर निघाल्या.

सुनिवा या वर्षी आली नव्हती. वेळ नाही म्हणे. दुसरीच्या नवऱ्याहाती पुंगळ्या पाठवायला बरा वेळ होता. बोर्गहिल्डच्या अंगाचा तिळपापड झाला. अन् यानं त्या आपल्या म्हणून खुशाल बायकोपुढे ठेवाव्यात?

तिनं हातातली पुंगळी आचेवर धरली ती धरूनच ठेवली. लाली गळ्यावरून खाली बुडाकडे उतरत गेली. बूड मऊ पडलं की गोळी झाडताना ते मागून फुटतं, आणि मागे झाडणाऱ्याचा चेहरा असतो. सुनिवाचा तरणा, हसरा चेहरा. जळो मेली, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

पाण्यात चर्र झालं. जरा घासून बाकीच्यांत टाकली असती तर कुणाला कळलंही नसतं. ती बराच वेळ पुंगळी तळहातावर घेऊन बसली. मग तिनं पकडीनं दाबून ती चपटी केली. जळकी पुंगळी चुकून भरली जाऊ नये म्हणून टोळीत सगळे तसंच करत. उरलेल्या तिनं नीट तापवल्या, सुनिवाच्यासुद्धा.

आयविंद आला. "झाल्या?"

"तुझ्या झाल्या. सुनिवाच्याही झाल्या. तिची एक जळाली."

त्यानं फडक्यावरची चपटी पुंगळी उचलून तिचं बुडापर्यंत जळकं अंग निरखलं.

"तिला म्हणावं, स्वतः येऊन ने. कॉफी ठेवीन मी."

"सांगतो," तो खाली बघत म्हणाला.

बोर्गहिल्ड बत्ती विझवायला वळली. घोंगडी काढून तिनं मागे पाहिलं, तर तो निघून गेला होता. दोघांच्याही चांगल्या पुंगळ्या फडक्यावर तशाच होत्या. चपटी तेवढी त्यानं नेली होती.